दरड-धोका पाहणी (वसई-विरार)

डोंगरउतारावरील माती, मुरूम व खडक पावसाळ्यात कोठे आणि केव्हा निसटतील, याचा आगाऊ अंदाज घेण्याची पद्धत. हिमालयात हिमस्खलनाचा अंदाज चंडीगड येथील डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. तेथे बर्फाचे थर तपासतात, येथे मातीचे. ढाळ, थरांची पकड आणि वरचा भार हे निकष मात्र दोन्हीकडे सारखेच.

पार्श्वभूमी : वसई-विरारच्या पूर्वेस तुंगारेश्वर व कामणदुर्ग यांचे डोंगर आहेत. पायथ्याशी अनेक ठिकाणी उतार कापून चाळी उभ्या राहिल्या. जुलै २०२२ मध्ये वसई पूर्वेच्या वाघरळपाड्यात घरावर दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला.

कारणे : येथील बेसाल्ट खडकाचा वरचा भाग झिजून मुरूम व चिकणमाती होते. त्यातून मुरलेले पाणी खालच्या कठीण खडकावर अडते, मातीतला पाण्याचा दाब वाढतो आणि थराची पकड सुटते. पायथा खणला असेल तर उताराचा आधारच जातो. झाडतोड व बुजलेले ओहोळ यांनी धोका वाढतो.

पद्धती : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १:५०,००० प्रमाणाचे दरडप्रवणता नकाशे केले असून त्यांत उच्च, मध्यम व कमी अशा श्रेणी आहेत. या नकाशावरील १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. त्यामुळे एखादी चाळ त्यात वेगळी दिसत नाही आणि प्रत्यक्ष जागेची पाहणी करावी लागते. उतारावरील ताज्या भेगा, कललेली झाडे व विजेचे खांब, फुगलेली संरक्षक भिंत, एकाएकी अडकू लागलेली दारे, गढूळ झालेला किंवा अचानक आटलेला झरा या खुणा पाहतात.

इशारा : २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास हवामान विभाग त्याला अत्यंत मुसळधार म्हणतो. तथापि आधीच्या दिवसांत माती किती भिजली आहे, हेही पाहावे लागते. भिजलेला उतार त्याहून कमी पावसातही सुटू शकतो.

मर्यादा : १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्यामुळे यादीत नाव नसले तरी खुणा दिसताच घर सोडून सुरक्षित जागी जावे आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर कळवावे.