कुरणांतील शाळा आणि खारदांड्याचा किनारा

शिक्षणाचा इतिहास बहुधा इमारतींचा, कायद्यांचा आणि अहवालांचा लिहिला जातो. शाळा कोठें निघाली, मुलें किती दाखल झालीं, अनुदान किती मिळालें, एवढें नोंदलें कीं इतिहास पुरा झाला असें आपण समजतों. परंतु जीं मुलें शाळेच्या दारापर्यंत येऊंच शकत नव्हतीं त्यांच्याकडे शाळाच चालत गेली, असाहि एक अध्याय महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. आणि तो मुंबईच्या उत्तरेस, तेव्हांच्या ठाणें व आजच्या पालघर जिल्ह्यांत घडला.

बालशिक्षणाचा नवा विचार आपल्याकडे आला तो दुरून. १९०७ सालीं मादाम माँटेसरी यांनीं रोम शहरांतील मजुरांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. भावनगरास गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर स्थापिलें. पुढें ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ मध्यें दादरला शिशुविहार सुरू झाला. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, जो प्रयोग रोममध्यें गरिबांच्या मुलांसाठीं जन्मला, तो आपल्याकडे येतां येतां सुखवस्तु घरांचा होऊन बसला. काटेकोर मापाचीं, गुळगुळीत घडविलेलीं साधनें महाग पडत. तीं ज्यांना परवडत त्यांचींच मुलें त्यांवर हात फिरवीत.

ही उणीव ताराबाईंनीं ओळखली. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्याच वर्षीं बोरिवलीच्या ग्रामसेविका-शिबिरांत भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर तेथें गेल्या, आणि जन्मभर त्याच कार्यांत राहिल्या. परंतु बालवाडी उघडली म्हणून गरिबांचीं मुलें येतात असें थोडेंच आहे? आईबाप मजुरीस गेले कीं मोठीं भावंडें धाकट्यांना कडेवर घेत. कोणी गुरांमागें जाई. तेव्हां शिक्षिकाच वस्तींत गेल्या. एखाद्या घरापुढचें अंगण झाडावें, मुलांना न्हाऊं घालावें, केंस विंचरावे, मग गाणें-गोष्ट सुरू करावी, असा तो क्रम. हीच अंगणवाडी. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं गुरें चरत तेथेंच कुरणशाळा भरूं लागली.

साधनांचा प्रश्नहि याच वाटेनें सुटला. शंख-शिंपले, चिंचोके, गोटे, पानें, काटक्या, माती हींच मोजण्याचीं, जुळविण्याचीं आणि रंग-आकार पारखण्याचीं साधनें झालीं. यांत काटकसर होती, पण केवळ काटकसर नव्हती. मूल जें हाताळून ओळखतें त्याच्या आधारानेंच तें अनोळखी गोष्टीकडे पाऊल टाकतें, हें तत्त्व त्यामागें होतें.

येथें एक आक्षेप विचारांत घेणें न्याय्य होईल. गुराख्याला कुरणांत आणि कोळ्याच्या पोराला वाळूंतच शिकविलें, तर गुराखी गुराखीच आणि कोळी कोळीच राहावा अशी ही युक्ति नव्हे काय? वर्ध्यास १९३७ सालीं मांडलेल्या उद्योगप्रधान शिक्षणासहि हा प्रश्न विचारला गेला होता. तो पोकळ नाहीं; जातीनें धंदा ठरविलेल्या समाजांत तो विचारलाच पाहिजे. उत्तर इतकेंच कीं, परिसर हा शिक्षणाचा उंबरठा आहे, कुंपण नव्हे. कुरणशाळेंतील मुलाला अक्षर आणि अंक द्यावयाचे होते. गुरें राखण्याची कला तर त्याला आधींच येत होती.

आतां दृष्टि खारदांड्याकडे वळवूं. उपनगराच्या गर्दीनें वेढलेल्या या कोळीवाड्यांतील मूल शाळेंत कोऱ्या पाटीनें येत नाहीं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हें तें घरींच ऐकतें. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं, म्हणजे जवळजवळ दोन घटकांनीं पुढें जाते. केवढें गणित आणि केवढें खगोलशास्त्र त्यांत दडलेलें आहे! जाळ्याच्या आंसांत भूमिति आहे, वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांत ऊन, वारा आणि मीठ यांचें शास्त्र आहे, आणि बाजारांत बसणाऱ्या आईच्या तोंडच्या हिशेबांत अंकगणित आहे. ज्या वर्गांत यांतील एकहि गोष्ट उच्चारली जात नाहीं, तेथें त्या मुलाच्या मनावर नकळत एक धडा ठसतो : आपल्या घरचें ज्ञान हें ज्ञानच नव्हे. हा धडा पुढें कोणत्याहि पदवीनें पुसला जात नाहीं.

१९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तिनें पोषणाचें आणि लसीकरणाचें काम वस्तीवस्तींत नेलें, हा उपकार लहान नाहीं. परंतु योजना शब्द उचलूं शकते. त्यामागची नम्रता तिला हुकमानें पसरवितां येत नाहीं. शिकविणारानें शिकणाऱ्याच्या अंगणांत जावें, तेथें काय आहे तें आधीं पाहावें आणि मग बोलावें, ही ती नम्रता होय. ती ज्या शिक्षिकेजवळ आहे, तिला खारदांड्याच्या ओल्या वाळूवर एक काडी पुरेल. ती नसेल, तर उत्तमांतील उत्तम इमारतहि त्या मुलाला परक्याचेंच घर वाटेल.