दामोदर : एक खोरे, एक हिशेब

बंगालमध्ये दामोदराला नदी म्हणत नाहीत, नद म्हणतात. छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावून सुमारे ५४० किलोमीटरांचा प्रवास केल्यावर तो कलकत्त्याच्या खाली हुगळीस मिळतो. या प्रवासाचा वरचा भाग उताराच्या, खडकाळ मुलुखातून होतो आणि खालचा भाग सपाट भातशेतीतून. पठारावर मोठा पाऊस झाला की त्याचे पाणी थोड्याच अवधीत बर्दवानच्या मैदानात येऊन ठाकते, आणि तेथे उतार सरलेला असल्यामुळे ते चहूकडे पसरते. 'बंगालचे दुःख' हे नाव या नदास त्यामुळेच मिळाले. पाऊस एका प्रांतात पडावा आणि पूर दुसऱ्या प्रांतात यावा, हीच या इतिहासातील मूळ अडचण होय.

पुरावरचा जुना उपाय म्हणजे काठचे बांध. परंतु बांध पाण्याला नाहीसे करीत नाही. तो ते दुसऱ्याच्या शेतात लोटतो. १८५५ मध्ये हावड्याहून राणीगंजच्या कोळसाखाणींपर्यंत रेल्वे गेली. हा लोहमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड ही दोन्ही दामोदराच्या डाव्या बाजूस होती. त्यानंतरच्या काही वर्षांत सरकारने डाव्या काठचा बांध भक्कम राखला, आणि उजव्या काठचा सुमारे २० मैलांचा बांध बुद्धिपुरस्सर काढून टाकला. पुराला वाट हवी होती. ती उजव्या काठच्या खेड्यांतून काढून देण्यात आली. एका काठाचे रक्षण दुसऱ्या काठाच्या नाशातून झाले, आणि त्या नाशाची नोंद रेल्वेच्या जमाखर्चात होण्याचे काही कारण नव्हते.

पुढे जुलै १९४३ मध्ये तो राखलेला डावा बांधच फुटला. हा पूर १९१३ किंवा १९३५ च्या पुराएवढा मोठा नव्हता. परंतु ब्रह्मदेशच्या सीमेवर युद्ध पेटलेले होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, आणि नेमक्या अशा वेळी कलकत्त्यास उत्तर हिंदुस्थानाशी जोडणारा लोहमार्ग वाहून गेला. खेडी बुडत होती तोवर जे राज्यकर्ते स्वस्थ होते, ते लष्कराची रसद अडताच जागे झाले. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पुराच्या प्रश्नावर अनेक वर्षे लेखन करणारे विख्यात पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा या समितीत होते. अमेरिकेत १९३३ मध्ये टेनेसी नदीसाठी जसे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, तसे दामोदरासाठी व्हावे, असा विचार पुढे आला.

येथे एका महाराष्ट्रीय पुरुषाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्या काळी मध्यवर्ती सरकारच्या मजूर खात्याकडे होते, आणि त्या खात्याचे सभासद होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाणी हा प्रांतांचा विषय असल्याने दिल्लीस हुकूम सोडून भागणार नव्हते. संमती मिळवावी लागणार होती. जानेवारी १९४५ मध्ये आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बंगाल व बिहार या दोन्ही सरकारांची परिषद कलकत्त्यास भरली. टेनेसी खोऱ्याचा अनुभव असलेले अभियंते व्हूरडुइन यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला आराखडा सादर केला. दर सेकंदास १० लाख घनफुटांचा पूर आला, तरी तो धरणांत अडवून खाली अडीच लाखच सोडावा, असा त्यांचा संकल्प होता. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज ही तिन्ही कामे त्यांनी एका योजनेत गुंफली होती.

मध्यंतरी देशाची फाळणी झाली, बंगालचे दोन तुकडे झाले. तरीही हे काम थांबले नाही. दोन्ही प्रांतांच्या संमतीने १९४८ मध्ये कायदा झाला आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. या कायद्यातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग खर्चाच्या वाटणीचा आहे. विजेचा भांडवली खर्च केंद्र, बिहार व पश्चिम बंगाल यांनी सारखा सोसावा. सिंचनाचा खर्च दोन्ही प्रांतांनी ज्याच्या त्याच्या पाण्याच्या प्रमाणात द्यावा. पूरनियंत्रणाचा खर्च मात्र १४ कोटी रुपयांपर्यंत केंद्र व पश्चिम बंगाल यांनी निम्मानिम्मा उचलावा आणि त्यावरचा सारा भार एकट्या पश्चिम बंगालने वाहावा. बिहारवर पूरनियंत्रणाचा एक पैसाही नव्हता, कारण पूर बिहारात येत नव्हता. उजव्या काठचा बांध काढताना जो हिशेब कोणी मांडलाच नाही, तो येथे प्रथमच कायद्याने मांडला.

कागदावरचा हा हिशेब प्रत्यक्षात पुरा उतरला नाही. तिलैया १९५३ मध्ये, कोनार १९५५ मध्ये, मैथन १९५७ मध्ये आणि पंचेत १९५९ मध्ये अशी चार धरणे झाली. मूळ आराखड्यात त्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. मैथन व पंचेत येथे संकल्पित पातळीपर्यंतची सारी जमीन संपादन झाली नाही; म्हणून ती धरणे पुराच्या वेळी हवी तितकी भरता येत नाहीत. यात केवळ दिरंगाई होती असे म्हणता येणार नाही. खालच्या बंगाली शेतकऱ्याच्या रक्षणासाठी वरच्या गावांनी बुडावयाचे होते, आणि त्या गावांत संथाळांची वस्ती मोठी होती. कायद्याने सरकारांच्या खर्चाची वाटणी केली. घर गमावणाऱ्याच्या त्यागाची वाटणी कशी करावयाची, हे कलम त्यात नव्हते. शिवाय वीज विकता येते, न आलेल्या पुराचे बिल कोणास पाठवता येत नाही. त्यामुळे कोळशावरची वीज हाच हळूहळू महामंडळाचा मुख्य व्यवसाय झाला. सिंचनाचे कालवे १९६४ मध्ये पश्चिम बंगालच्या हाती गेले, आणि बिहारने तेनुघाटचे धरण महामंडळाच्या कक्षेबाहेर बांधले. एक खोरे पुन्हा तुकड्यांनी पाहिले जाऊ लागले.

तरीही दामोदराचा प्रयोग फसला असा निकाल देणे अन्यायाचे होईल. १९७८ च्या महापुरात या धरणांनी पाण्याचा मोठा लोंढा अडवून धरला. मात्र धरणांखालच्या मुलुखात कोसळलेल्या पावसापुढे त्यांचा इलाज चालला नाही. उणीव होती ती अपुरेपणाची; कल्पना चुकीची नव्हती.

या कल्पनेचे देशात पुढे काय झाले? १९५६ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एक आंतरराज्य नद्यांचे तंटे लवादाकडे नेण्याचा, दुसरा राज्यांनी एकत्र नियोजन करावे म्हणून नदी मंडळे स्थापण्याचा. पहिल्या कायद्याचा उपयोग झपाट्याने सुरू झाला. कृष्णा, गोदावरी आणि नर्मदा या तिघींसाठी १९६९ मध्येच लवाद नेमले गेले, आणि महाराष्ट्र तिन्हींत पक्षकार होता. दुसऱ्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. सप्टेंबर २०२४ च्या पुरात धरणांतून सोडलेल्या पाण्यावरून पश्चिम बंगालने दामोदर महामंडळावरील आपला प्रतिनिधी मागे घेतला, तेव्हा एकत्र बसण्याची ती जुनी जागाही किती नाजूक आहे हे दिसून आले.

लवाद पाणी वाटून देतो. ते त्याचे कामच आहे. परंतु पूर वाटून घेणे, बुडालेल्या गावाचे दुःख वाटून घेणे, टंचाईच्या वर्षी एकमेकांची तूट सोसणे, ही कामे निवाड्याने होत नाहीत. त्यासाठी वरच्या आणि खालच्या मुलुखाने एकाच वहीत आपला जमाखर्च लिहावा लागतो. तशी वही या देशात एकदा उघडली गेली होती, इतके दामोदराचा इतिहास आपल्याला निश्चित सांगतो.