भिंतीवरचा फॅन हीटर : बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरला, की दुसऱ्या दिवशी राज्यभर त्याची बातमी होते. थंडी मात्र निफाडपुरती मर्यादित नसते. नाशिक, पुणे, नागपूर, जळगाव अशा शहरांत ऊन न लागणाऱ्या खोल्या डिसेंबर-जानेवारीत चांगल्याच गारठतात. घरात वृद्ध आई-वडील किंवा तान्हे मूल असेल, तर हा गारठा केवळ गैरसोयीचा राहत नाही. अशा वेळी विजेचा हीटर घेण्याचा विचार पुढे येतो आणि जागेची अडचण असलेल्या घरांत भिंतीवर बसवायच्या फॅन हीटरला पसंती मिळते.

हा हीटर जमिनीवर जागा अडवत नाही, पाय लागून कलंडत नाही आणि लहान मुलांचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र एकदा भिंतीवर बसला, की तो घराच्या वीजजोडणीचाच एक भाग बनतो. म्हणूनच उपकरण कितीही चांगल्या प्रतीचे असले, तरी ते किती सुरक्षित आहे, हे बव्हंशी मागच्या भिंतीतील तारा, सॉकेट आणि अर्थिंग यांवर ठरते.

रचना आणि कार्य

फॅन हीटरमध्ये तापणारा घटक आणि त्यावरून हवा ढकलणारा पंखा, असे दोन प्रमुख भाग असतात. जुन्या पद्धतीच्या हीटरमध्ये नायक्रोम या निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूची तार वापरली जाते. या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाला १९०६ मध्ये मिळाले आणि विजेवर चालणाऱ्या इस्त्री, शेगडी, हीटर यांसारख्या उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. भिंतीवरच्या आजच्या अनेक हीटरमध्ये तारेऐवजी सिरॅमिकचा, म्हणजे ‘पीटीसी’ प्रकारचा घटक असतो. ठरावीक तापमानापुढे या घटकाचा विद्युतरोध झपाट्याने वाढतो आणि प्रवाह आपोआप कमी होतो. पंखा बंद पडला किंवा जाळी झाकली गेली, तरी असा घटक तारेसारखा लालबुंद होत नाही. याखेरीज तापमान प्रमाणाबाहेर गेल्यास प्रवाह तोडणारा थर्मल कटआउट दोन्ही प्रकारांत असायला हवा.

गरम हवा हलकी असल्याने वर जाते. त्यामुळे उंचावर बसवलेल्या हीटरच्या पंखऱ्या हवा खाली ढकलतील अशा वळवाव्या लागतात. अन्यथा छत तापते आणि पाय गारच राहतात.

विजेचे गणित

बाजारातील बहुतेक फॅन हीटर २,००० वॉटचे असतात आणि त्यांत १,००० वॉटची अर्धी क्षमता वापरण्याची सोय असते. पूर्ण क्षमतेवर असा हीटर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ट्यूब आणि पंख्याच्या बोर्डावरचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. हीटरला १६ अँपिअरचे स्वतंत्र ‘पॉवर पॉइंट’च लागते. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर, मल्टिप्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड यांचा वापर हीटरसाठी करू नये.

जुन्या इमारतींत दिवे व पंख्यांसाठी टाकलेल्या तारा १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या असतात. हीटरसाठी मीटरजवळच्या बोर्डापासून थेट आलेली, कमीत कमी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार असावी. अंतर अधिक असल्यास ४ चौरस मिलिमीटरची तार टाकणे इष्ट. या तारेवर स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी असावा. सकाळच्या वेळी २,००० वॉटचा गिझर आणि तेवढाच हीटर एकदम चालू राहिल्यास दोघे मिळून सतरा अँपिअरहून अधिक प्रवाह घेतात. वीज बिलावर छापलेला मंजूर भार पाहून, गरज असल्यास तो आधीच वाढवून घ्यावा.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. २,००० वॉटचा हीटर तासभर अखंड चालला, तर दोन युनिट वीज लागते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ४० किलो हवा असते. केवळ ही हवा दहा अंशांनी तापवायला युनिटचा नववा हिस्साही पुरतो आणि चार मिनिटांहून कमी वेळ लागतो. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, तो भिंती, फरशी व कपाटे उष्णता शोषून घेतात म्हणून आणि खिडक्यांच्या फटींतून गार हवा आत येते म्हणून. त्यामुळे जाड पडदे लावणे आणि दाराखालची फट बुजवणे हे वीज वाचवण्याचे सर्वांत स्वस्त उपाय होत.

खरेदी करताना

खोली तापवणाऱ्या विजेच्या हीटरवर आयएसआय चिन्ह असणे भारतात २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने बंधनकारक झाले. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असतो. हा परवाना खरा आहे किंवा नाही, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येते. भिंतीवर बसवण्यासाठी बनवलेलाच हीटर घ्यावा. जमिनीवरचा हीटर फळीवर ठेवून किंवा खिळ्याला टांगून वापरणे धोक्याचे आहे.

जागा आणि जोडणी

हीटर विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर बसवावा. प्लायवूडचे पार्टिशन, लाकडी पॅनेल अथवा वॉलपेपर असलेली भिंत टाळावी. जमिनीपासूनची उंची आणि छतापासूनचे अंतर प्रत्येक कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते व ते काटेकोरपणे पाळावे. समोर किमान एक मीटर जागा मोकळी असावी. पडदे, माळ्यावरील सामान, कपाटाचे उघडणारे दार आणि पलंगाची उशाकडील बाजू हीटरच्या झोतात येऊ नयेत. हीटर सॉकेटच्या बरोबर वर लटकत राहील, अशी रचनाही करू नये. सॉकेट बाजूला, सहज हात पोहोचेल असे असावे. सॉकेटच्या थेट खाली हीटर बसवण्यास तर सुरक्षा मानकांतच मनाई आहे, कारण वर जाणारी उष्णता सॉकेटवरच आदळते.

भोक पाडण्यापूर्वी भिंतीतून जाणाऱ्या तारा आणि पाण्याचे पाइप यांचा अंदाज घ्यावा. बोर्डाच्या सरळ वर व खाली तारा असण्याची शक्यता सर्वाधिक असते. ड्रिल करण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि ड्रिलसाठी वीज शेजारच्या घरातून किंवा जिन्यातील पॉइंटवरून घ्यावी, अथवा बॅटरीवरचे ड्रिल वापरावे. भोकात गिट्टी घट्ट बसली पाहिजे. गिलावा भुसभुशीत असेल, तर लांब स्क्रू विटेपर्यंत पोहोचायला हवा.

न्हाणीघरात साधा फॅन हीटर बसवू नये. तेथे पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला, किमान ‘आयपीएक्स ४’ दर्जाचा हीटरच चालतो. तोही शॉवर व नळापासून दूर असावा आणि ओल्या हाताने कोणी स्विचला स्पर्श करणार नाही, अशी व्यवस्था असावी.

जोडणीचे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे. त्याच्याकडून अर्थिंगची तपासणी आवर्जून करून घ्यावी. अर्थिंग नसलेल्या घरांत सॉकेटच्या मोठ्या पिनेचे टोक न्यूट्रलला जोडून देण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी आढळते. अशा घरात कधी न्यूट्रलची तार तुटली, तर हीटरच्या धातूच्या भागात थेट वीज उतरते. वरकरणी उपकरण बंद पडलेले दिसते आणि पाहायला गेलेल्या माणसाला झटका बसतो.

एमसीबी जे ओळखू शकत नाही

एमसीबी तारेचे रक्षण करतो, तर आरसीसीबी माणसाचे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की एमसीबी पडतो. आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजेच वीज कोणाच्या शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीकडे निघाली, की आरसीसीबी पडतो. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी योग्य होय. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो याची खात्री करावी.

एक धोका मात्र या दोघांनाही कळत नाही. तो म्हणजे सैल जोड. सॉकेटमधील स्क्रू ढिला झाला किंवा पिन नीट बसली नाही, तर त्या जागी विद्युतरोध निर्माण होतो. हा रोध केवळ अर्धा ओहम असला, तरी ८.७ अँपिअर प्रवाहाला तेथे सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीसाठी वापरली जाणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये काय घडत असेल, याची कल्पना येते. प्रवाह नेहमीइतकाच असल्याने एमसीबी पडत नाही आणि गळती नसल्याने आरसीसीबीही पडत नाही. हीटर उत्तम चालत असतो आणि मागे सॉकेट जळत असते.

म्हणून येथे माणसानेच लक्ष ठेवले पाहिजे. हीटर अर्धा तास चालल्यानंतर बंद करावा व प्लगला हात लावून पाहावा. प्लग किंचित कोमट लागणे स्वाभाविक आहे. तो चटका देण्याइतका गरम असेल, सॉकेटवर तपकिरी डाग दिसत असेल, जळकट वास किंवा चरचर असा आवाज येत असेल, तर हीटर पुन्हा लावू नये. सॉकेट व प्लग बदलून घ्यावेत.

वापरातील दक्षता

हीटर रात्रभर चालू ठेवण्याची गरज नसते. झोपण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे खोली तापवून तो बंद करावा. टायमर असल्यास त्याचा उपयोग करावा. बंद करताना आधी हीटरवरील किंवा रिमोटवरील बटण वापरावे, पंखा थांबू द्यावा आणि मगच भिंतीवरील स्विच बंद करावा. घरात कोणी नसताना हीटर चालू ठेवू नये. त्यावर ओले कपडे वाळत घालणे हे आगीला निमंत्रण होय. तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींवर थेट झोत सोडू नये.

विजेचा हीटर खोलीतील ऑक्सिजन संपवतो, हा समज चुकीचा आहे. त्यात काहीही जळत नसल्याने ऑक्सिजन खर्च होत नाही आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होत नाही. तो धोका कोळशाच्या शेगडीत आणि बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमध्ये असतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे प्राणावर बेतू शकते. हीटरने हवा कोरडी वाटते, हे मात्र खरे. दहा अंशांची हवा वीस अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. घसा कोरडा पडत असल्यास तापमान थोडे कमी ठेवावे.

हंगामाच्या सुरुवातीला हीटरची वीज तोडून जाळीवरील धूळ मऊ ब्रशने काढावी. आठ-नऊ महिन्यांची धूळ साचलेला हीटर तसाच सुरू केल्यास जळकट वास येतो आणि हवेचा मार्ग अडून थर्मल कटआउट वारंवार पडतो.

हीटरमधून धूर आल्यास मेन स्विच बंद करावा, पाणी ओतू नये आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. कोणाला झटका बसल्यास वीज तोडण्यापूर्वी त्याला हात लावू नये. त्यानंतर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

हीटर विकत घेताना बहुतेक जण किंमत, वॉट आणि रिमोट पाहतात. त्याच दिवशी तारतंत्रीला बोलावून तार, सॉकेट व अर्थिंग दाखवून घेतले, तर हीटरच्या किमतीत थोडी भर पडेल. त्या भरीवरच घरातल्यांची निर्धास्त झोप अवलंबून आहे.