‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे नेमका कोण?

शुभवर्तमानांत येशू स्वतःला वारंवार ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, हे ‘देवाचा पुत्र’च्या उलट असावं, म्हणजे साधा माणूस. पण दानीएलाचं पुस्तक माहीत असलेल्या यहुदी माणसाला त्यात बरंच काही ऐकू येऊ शकत होतं.

इ.स.पू. १६७ च्या सुमारास ग्रीक राजा चौथा अंतियोख याने जेरुसलेमचं मंदिर विटाळलं आणि यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. दानीएलाचा सातवा अध्याय बहुतेक अभ्यासक याच छळाच्या काळातला मानतात. त्यातल्या स्वप्नात समुद्रातून चार श्वापदं वर येतात. ही चार साम्राज्यं. मग ढगांसोबत ‘मनुष्यपुत्रासारखा’ कोणीतरी देवापुढे येतो आणि त्याला कायमचं राज्य मिळतं. मूळ अरामी भाषेतल्या ‘बर एनाश’चा अर्थ फक्त ‘माणूस’. श्वापदांनंतर माणूस, असा तो फरक आहे. पुढच्या उलगड्यात हे राज्य देवाच्या पवित्र लोकांना मिळतं. मसीहाचं तिथे नावही नाही!

हनोखाच्या पुस्तकातल्या ‘दाखले’ या भागात चित्र पालटतं. तिथे हा पुरुष सृष्टीच्या आधीपासून लपवून ठेवलेला आहे. तो वैभवाच्या सिंहासनावर बसून राजांचा न्याय करतो आणि त्याला ‘अभिषिक्त’, म्हणजेच मसीहा म्हटलंय. हा भाग आज पूर्ण मिळतो तो इथिओपियाच्या गीझ भाषेत.

मार्कच्या शुभवर्तमानात (इ.स. ७० च्या आसपास) महायाजक विचारतो, तू मसीहा आहेस का? येशू होकार देतो आणि ढगांसह येणाऱ्या मनुष्यपुत्राचा उल्लेख करतो. महायाजक आपले कपडे फाडतो. मात्र खरी नवी गोष्ट त्याआधीच येऊन गेलेली असते: या मनुष्यपुत्राला दुःख सोसून मरावं लागणार आहे. दानीएलाच्या स्वप्नातला तो मरत नाही.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळलं. त्यानंतर यहुदी लेखकांनीही दानीएल पुन्हा उघडला. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘चौथा एज्रा’ या ग्रंथात समुद्रातून गरुड वर येतो. हा गरुड म्हणजे रोम. तिथे एज्राला स्पष्टच सांगितलं जातं, की दानीएलाने पाहिलेलं चौथं राज्य हेच, फक्त त्याला ते असं समजावून सांगितलं नव्हतं.