लिंक्डइनवरून फ्रीलान्स काम कसं मिळतं? हिंगोलीतल्या महिलांसाठी सविस्तर माहिती

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथमध्ये राहून डिझाइन, भाषांतर, अकाउंट्स किंवा लेखनाचं काम करणाऱ्या महिलांसमोर एक मोठी अडचण असते. काम येतं, पण काम देणाऱ्या कंपन्या बहुतेक पुण्या-मुंबईत असतात. घर सोडून तिकडे जाणं प्रत्येकीला जमत नाही. अशा वेळी लिंक्डइन उपयोगी पडू शकतं.

लिंक्डइन म्हणजे काय?

२००३ मध्ये सुरू झालेलं हे व्यावसायिक ओळखींचं नेटवर्क आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेण्याचा करार केला. खातं उघडायला पैसे लागत नाहीत.

काम कोणाकडून येतं?

आपल्याला वाटतं, जवळची माणसंच काम मिळवून देतील. पण जवळच्यांना साधारण तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते, असं समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला. नोकरी मिळण्यात फार घट्ट नात्यांपेक्षा बेताच्या ओळखी जास्त कामी येतात, असं त्यात दिसलं. म्हणून कॉलेजचे वर्गमित्र, जुने शिक्षक, एकदाच काम दिलेला क्लायंट यांना आधी जोडून घ्या.

प्रोफाइलमध्ये काय लिहायचं?

नावाखालच्या हेडलाइनमध्ये २२० अक्षरं बसतात. तिथे नुसतं 'फ्रीलान्सर' लिहू नका. कोणासाठी काय करता ते लिहा. उदाहरणार्थ, 'हळद आणि मसाल्यांच्या ब्रँडसाठी लेबल व पॅकिंग डिझाइन'. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हळदीचा बाजार जवळून पाहिलेली डिझायनर शहरातल्या कंपनीलाही शोधून सापडत नाही. गाव लपवण्यापेक्षा गावाची माहिती हीच आपली खासियत म्हणून मांडा. कामाचे तीन-चार नमुने 'फीचर्ड'मध्ये ठेवा आणि जुन्या क्लायंटकडून शिफारस लिहून घ्या.

मेसेज कसा पाठवायचा?

'काम असेल तर सांगा' एवढ्यावर उत्तर क्वचितच येतं. त्यांचं काय पाहिलं, आपण त्यात काय करू शकतो आणि एक नमुना, इतकं चार ओळींत लिहा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदाच आठवण करा.

पैसे अडकू नयेत म्हणून

काम, दर, किती वेळा बदल करून देणार आणि पैसे कधी मिळणार, हे सुरुवातीलाच ईमेलवर ठरवून घ्या. थोडी रक्कम आगाऊ मागण्यात गैर काही नाही.

काम हाती घेण्याआधीच 'उद्यम' नोंदणी केलेली बरी. ती ऑनलाइन आणि मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पैसे थकले तर सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. सेवा देणाऱ्यांना वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

सुरक्षित कसं राहायचं?

मोबाइल नंबर कोणाला दिसावा हे सेटिंगमध्ये जाऊन तपासा. घरचा पत्ता टाकू नका, तालुका किंवा जिल्हा पुरेसा आहे. कामाऐवजी दिसण्यावर किंवा लग्नावर बोलणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. स्क्रीनशॉट ठेवा, रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा. काम देण्याआधी 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'डिपॉझिट' मागणारा हमखास फसवणारा समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सुरुवात कशी करायची?

आज हेडलाइन बदला. या आठवड्यात ओळखीच्या दहा जणांना जोडा. पुढे आठवड्याला आपल्या कामाबद्दल एक पोस्ट पुरे. पहिलं काम मिळायला काही महिनेही लागू शकतात, तोवर हातातलं काम सोडू नका.