खंजिरी ते विशारद : नागपुरातील संगीतशिक्षणाच्या दोन वाटा

नागपूर : उपराजधानीत एखाद्या शाळकरी मुलाला गाणे किंवा वाद्य शिकायचे असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक संगीत विद्यालयाची. तेथे शुल्क, अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र असते. दुसरी वस्तीतील भजन मंडळाची. तेथे यांपैकी काहीच नसते. म्हणूनच शुल्क न परवडणाऱ्या घरांतील मुलांसाठी बहुधा तीच खुली राहते. शासनाच्या सवलतींचा लाभ मात्र प्रामुख्याने पहिल्या वाटेने जाणाऱ्यांनाच मिळतो.

विद्यालयाची वाट पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी घालून दिली. राजदरबार आणि घराण्यांची बंदिस्त तालीम यांतून संगीत बाहेर काढून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. स्वरलिपी, छापील पुस्तके आणि इयत्तांप्रमाणे वर्ग ही पद्धत त्यांच्या शिष्यांनी देशभर नेली. नागपुरात शंकरराव सप्रे यांनी ती रुजविली. डॉ. वसंतराव देशपांडे आणि पुढे संगीतकार म्हणून गाजलेले सी. रामचंद्र या दोघांनीही सप्रे यांच्याकडे धडे घेतले होते. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आजही प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार अशा पायऱ्यांनी घेतल्या जातात. विशारद होईपर्यंत साधारणतः सात वर्षे जातात. एवढा काळ दरमहा शुल्क भरणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नसते, हे उघड आहे.

दुसऱ्या वाटेचा इतिहास विदर्भाचा स्वतःचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांनी खंजिरीच्या साथीवर भजने गात गावोगाव जागृती केली. १९३५ मध्ये त्यांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना चंद्रपूर येथे अटक होऊन नागपूर व रायपूरच्या कारागृहांत ठेवण्यात आले. भजनाला इंग्रज सरकारही घाबरले, असे जुनी मंडळी अभिमानाने सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक ध्यान, सामुदायिक प्रार्थना, रामधून आणि भजन हा क्रम विदर्भातील खेड्यांत आणि नागपूरच्या वस्त्यांतही पोहोचला. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव देण्यात आले.

खंजिरी हे दिसायला साधे वाद्य आहे. लाकडी कड्यावर एका बाजूने चामडे ताणलेले असते आणि कडेच्या खाचांत धातूच्या चकत्या बसविलेल्या असतात. एका हाताने ते धरायचे व दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायचे. मात्र चकत्यांचा नाद आणि चामड्यावरची थाप यांचा मेळ लवकर साधत नाही. तो कुणी समजावूनही देत नाही. मूल आधी मागच्या ओळीत बसते, टाळ धरते, ध्रुवपद उचलते. ताल अंगात भिनला की कुणीतरी त्याच्या हाती खंजिरी देतो. पेटीवर बसण्याची पाळी त्यानंतर येते. मोठ्यांच्या शेजारी बसून, रोज तीच भजने ऐकून होणारे हे शिक्षण आहे. खंजिरी भजनाच्या स्पर्धांना विदर्भात गर्दी होते ती याच जोरावर.

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलात होझे आंतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये गरीब मुलांना वाद्यवृंदातून संगीत शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. तो 'एल सिस्तेमा' या नावाने जगभर नावाजला गेला. एकेकट्याला न शिकविता सर्वांनी मिळून वाजवत शिकायचे, हे त्याचे सूत्र. गुरुकुंज त्याच्या ४० वर्षे आधीचे. फरक एवढाच, की व्हेनेझुएलाच्या उपक्रमामागे तेथील सरकारचा पैसा उभा राहिला.

येथे शासकीय मदत अगदीच नाही असे नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपुरातच आहे. सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहात त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारा संगीत समारोह हे केंद्रच भरविते. देशातील अशा सातही केंद्रांमार्फत गुरु-शिष्य परंपरा योजना राबविली जाते. तिच्यात गुरूला दरमहा ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये असे मानधनाचे दर ठरविण्यात आले. प्रशिक्षणाचा कालावधी सहा महिने ते एक वर्ष. लोप पावत चाललेल्या कलांसाठी योजना चांगलीच आहे. पण तिच्यात एक गुरू आणि मोजके शिष्य अशी मांडणी गृहीत धरलेली आहे. ज्या मंडळात सगळेच थोडे गुरू व थोडे शिष्य असतात, तेथे मानधन नेमके कुणाच्या नावावर काढायचे?

दहावीच्या वाढीव गुणांबाबतही हेच घडते. शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा गुण मिळतात. लोककलेसाठीही सोय आहे. परंतु तीही संस्थेच्या प्रमाणपत्रावरच चालते. भजन मंडळात आठ वर्षे खंजिरी वाजविणाऱ्या मुलाजवळ दाखवायला कागद नसतो. मंडळांनी नोंदणी करून हजेरीपट व परीक्षा सुरू कराव्यात, हा एक उपाय होऊ शकेल. पण त्याबरोबर शुल्कही मागोमाग येण्याची भीती आहे.

गणेशोत्सवाआधी मैदानांवर सराव करणारी ढोल-ताशा पथके ही अलीकडे तरुणांना, विशेषतः मुलींना, खुली झालेली तिसरी वाट म्हणता येईल. मात्र तिचा बहर हंगामी असतो.

भजन मंडळात जाण्यासाठी पाल्याला अर्ज भरावा लागत नाही. प्रार्थनेच्या वेळी जाऊन बसले की पुरते. वाद्ये सहसा मंडळाचीच असतात आणि नवख्याच्या हाती पहिले काही दिवस टाळच येतात.