काचेच्या पेट्यांची साक्ष

काचेच्या पेट्यांची साक्ष म्हणजे 'नायिरा'ची साक्ष. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेस-सदस्यांच्या मानवाधिकार गटापुढे या पंधरा वर्षांच्या मुलीने रडत सांगितले, की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात अर्भकांना काचेच्या पेट्यांतून (इन्क्युबेटरमधून) काढून थंडगार फरशीवर मरायला टाकले. राष्ट्राध्यक्ष बुश ही कहाणी वारंवार सांगत राहिले; जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला संमती दिली. ती मुलगी कुवेती राजदूताची कन्या होती आणि साक्षीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती, हे १९९२ मध्ये उघड झाले. इराकचे कुवेतवरील आक्रमण आणि अत्याचार खरेच होते, म्हणून हा बनाव अधिकच अक्षम्य. अर्भकांना पेट्यांतून काढल्याची ही घटना वाचकांनी घडलेली मानू नये.